डब्यांचं वळण

३ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. मिंदेलो बंदरातून पलीकडच्या या बेटावर बोटीने तासाभराचा प्रवास, पण समुद्राला आज काय झालं होतं कोण जाणे. शेजारची बाई तिच्या दोन कोंबड्यांसकट माझ्या मांडीवर येऊन पडली. पुढे व्हॅन. डोंगर चढून ढगातून पलीकडे उतरताना ड्रायव्हर एका हाताने चाक फिरवत होता आणि दुसऱ्याने पपई खात होता. मी त्याला चांगलंच झापलं. तो म्हणाला, "बाई, रस्ता माझा पाठ आहे. ही पपई मात्र आज पहिल्यांदाच भेटतेय." मला हसू आलं आणि राग तिथेच संपला. तसा माझा राग लवकर संपत नाही, हे घरचे सगळे जाणतात.

काब्रास खोऱ्यात मी पहिल्यांदाच येतेय. खाली ऊस आणि केळी, वर डोंगर कापून केलेल्या अरुंद पट्ट्यांवर मका, रताळी, कॉफी, आणि सगळीकडे पाटाचं पाणी खळखळतंय. गावाच्या शेवटच्या घरापासून वाट सुरू होते आणि नागमोडी चढत थेट खिंडीत जाते. दगडन्‌दगड हाताने बसवलेला. गेल्या पावसात ती तेरा ठिकाणी वाहून गेली. ती दुरुस्त करून रविवारी, २८ तारखेला, डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खुली करायची, यासाठी कंपनीने मला पाठवलंय.

कंपनीला एक गोष्ट ठाऊक नाही. ही वाट माझ्या आजोबांनी बांधली. सत्तेचाळीस साली, दुष्काळात, ते इथे मुकादम होते आणि मुदतीच्या महिनाभर आधी त्यांनी काम पुरं केलं. त्याबद्दल मिळालेलं पदक आमच्या दिवाणखान्यात काचेत आहे. त्याखाली त्यांचा शंख, ज्यावर ते मजुरांना खुणा द्यायचे. पप्पा तेव्हा तीन वर्षांचे होते. आजोबा दोन माणसांचं जेवायचे आणि मरेपर्यंत काडीसारखे राहिले, असं ते अजून हसत सांगतात. आता पप्पा बहात्तरचे. जन्म जहाजांवर गेला, गुडघे कामातून गेले. २८ तारखेला काठी टेकत या वाटेवर सगळ्यांत आधी तेच चढणार आणि तो शंख फुंकणार. मी तसा शब्द दिलाय त्यांना.

राहायला मुकादमाचं जुनं दगडी खोपट मिळालंय, अर्ध्या चढावर. नवे पत्रे घातलेत. खिडकीतून अख्खं खोरं दिसतं. आज फार छान वाटतंय.

६ फेब्रुवारी

कामाला चार गवंडी. म्होरके न्यो बेल्मिरो (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला न्यो म्हणतात, बाईला न्या), सत्तरीला टेकलेले, हात अजून लोखंडाचे. दगड उचलतात, हातोडीने टकटक करून ऐकतात, आवडला तर ठेवतात, नाहीतर दरीत. मी साडेसहाला हजर आणि ही मंडळी सात वाजता गाणी म्हणत आली. मी आवाज चढवला. न्यो बेल्मिरो म्हणाले, "मुकादमीणबाई, दगड कुठे पळून चाललेत का? आमच्या जन्माआधीपासून इथेच आहेत." बाकीचे तिघे खो खो हसले. तेव्हापासून मी मुकादमीणबाई झाले. मला ते आवडलं, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

दुपारचं जेवण गावातून न्या क्रिसांता डोक्यावर घेऊन येतात. मका-घेवड्याची काशूपा, वर बकरीच्या चीजचा तुकडा. पप्पांच्याच वयाच्या असतील, पण चढताना श्वाससुद्धा लागत नाही. मी कुणाची कोण म्हणून त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, मुकादम लिझार्दो यांची नात. त्यांचा डाव क्षणभर हवेत थांबला. मग माझं ताट काठोकाठ भरत म्हणाल्या, "मग तुला जास्त लागेल."

१० फेब्रुवारी

काम झपाट्याने चाललंय, आणि आज डोकं फिरवणारी गोष्ट सापडली.

खोपटाच्या वर शंभर पावलांवर एक रुंद वळण आहे. गाव त्याला डब्यांचं वळण म्हणतं. तिथली फरसबंदी शाबूत आहे, फक्त बरोबर मध्ये एक दगड नाही. पाऊल रुतेल एवढं भोक. आत हात घातला तर मक्याचे दाणे! मूठभर, ताजे. चौकशी केली तर कळलं की गावातलं जे कुणी तिथून जातं ते चार दाणे भोकात टाकतं. मी विचारलं, उंदीर पाळताय का? कुणी हसलं नाही. न्यो बेल्मिरोंना सांगितलं, उद्या हे बुजवा. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले की बाकी सगळी वाट आरशासारखी करून देतो, हे एवढं राहू दे. इथली रीत आहे म्हणे, या वाटेवर एक दगड कायम कमी ठेवायचा.

रीत! पप्पांची काठी नेमकी त्यात जाणार, हे मला आत्ताच दिसतंय.

१३ फेब्रुवारी

तीन दिवस तेच. मी सांगते, ते माना डोलावतात आणि खाली दुसरंच काहीतरी करत बसतात. आज मी सगळ्यांसमोर ते भोक झाडून काढलं, दाणे दरीत फेकले. गवंड्यांपैकी एकाने छातीवर क्रूस काढला. न्या क्रिसांतांनी जेवणाची टोपली खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "तू रागीट आहेस, पोरी, वाईट नाहीस. तो दगड बसवू नकोस. काम पुरं करू नकोस."

मी फाडफाड बोलले. लाज नाही वाटत का, म्हटलं, एका माणसाने उपाशी लोकांना काम दिलं, तुमच्या आईबापांच्या पोटात घास घातला, आणि त्याच्या वाटेत तुम्ही भोक पाडून ठेवता? त्या रिकामी टोपली घेऊन उतरल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१६ फेब्रुवारी

कुणी हात लावायला तयार नाही, तर मी लावते. दगड मी स्वतः निवडला, बेल्मिरोंसारखा टकटक करून. मातीत बसवला आणि हातोड्याने ठोकला. सहा घावांत असा बसला की जणू त्या जागेचाच होता. बेल्मिरो दूर उभे राहून बघत होते. म्हणाले, "झालं का समाधान?" झालं म्हटलं. "आता काढावासा वाटला तर तुम्हालाच काढावा लागेल. बसवतो त्याच्याच हाताने तो निघतो." असंबद्ध बडबड. पण त्यांचा चेहरा पाहून मला उगाच आणखी राग आला.

काम संपलं. बारा दिवस आधी. आजोबांना अभिमान वाटला असता.

१८ फेब्रुवारी

गवंडी आले नाहीत. काम नाही तर कशाला येतील? मी वाट वरपासून खालपर्यंत तपासली, एक दगड हलत नाही.

भूक मात्र विलक्षण लागलीय. डोंगराची हवा. सकाळी पाव, चार अंडी, केळी. दहा वाजता पुन्हा. आठवड्याचं चीज आज एका बैठकीत संपवलं, तरी पोटात काही गेलंय असं वाटेना.

दुपारी खिंडीतून धुकं उतरलं आणि वळणावरून टकटक ऐकू आली, दगड तपासताना होते तशी. बेल्मिरोच असणार, माझा दगड काढायला आले, असं वाटून मी काठी घेऊन धावले. कुणी नव्हतं. दगड जागच्या जागी होता. मी शिव्या घालत परत आले.

२० फेब्रुवारी

मी खोटं लिहीत नाही. दुपारचे दोन वाजले होते, मी जागी होते, तापही नव्हता.

धुकं दाट होतं. वळणावर माणसं बसली होती. वाटेच्या दोन्ही कडांना, उकिडवी, गुडघ्यांत हनुवट्या. प्रत्येकाच्या पुढ्यात पत्र्याचा एकेक डबा. मला वाटलं गावातले लोक मला घाबरवायला आले. मी ओरडले, "नाटकं बंद करा!" कुणी हललं नाही. जवळ गेले. हात... हातांवर मांसच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत भीक नव्हती. राग होता. माझा राग मला ठाऊक आहे, तो फुटतो आणि जातो. हा तसा नव्हता, फार जुना होता. मी एकेचाळीस मोजले आणि पळाले.

घरात आले आणि मक्याची अर्धी पिशवी कच्चीच खाल्ली.

२१ फेब्रुवारी

उतरून न्या क्रिसांतांकडे गेले. त्यांनी काशूपाचा टोप समोर ठेवला. सहा माणसांचा. मी तो संपवला आणि तशीच उपाशी राहिले. मग त्यांनी सांगितलं. शांतपणे, मका निवडत.

सत्तेचाळीस साली वरून हुकूम होता: जोवर काम आहे तोवर मजुराला रोज डबाभर मका. काम संपलं की डबा बंद. शंखाचे दोन आखूड फुंकार म्हणजे कामावर या. एक लांब फुंकार म्हणजे काम संपलं. वाट पुरी होत आली तशी माणसं घाबरली. धुकं उतरलं की आदल्या दिवशी बसवलेले दगड उपटायची आणि पुन्हा बसवायची. काम संपू नये म्हणून. पाऊस पडेपर्यंत कसंबसं निभावलं असतं. मुकादमाने ते ओळखलं. तो पहाऱ्याला बसला, शेवटचा दगड त्याने स्वतःच्या हाताने ठोकला आणि लांब शंख फुंकला. खाली कोठारात अजून मका होता. त्याने पदकाकडे पाहिलं. एकेचाळीस माणसं आपापले डबे घेऊन त्या वळणावर बसली, शंख पुन्हा वाजेल म्हणून. बसूनच गेली. त्यांत न्या क्रिसांतांची आई होती. त्या तेव्हा शेजारणीच्या कडेवर होत्या.

वर्षाच्या आत मुकादमाला खेचरावर बांधून परत आणला. दोन माणसांचं खायचा आणि त्याची हाडं मोजता यायची. दोन दिवस पहारीने खणत होता, तेव्हा कुठे त्याचा दगड निघाला. जीव वाचला, भूक पुरती गेली नाही. तेव्हापासून ते भोक उघडं आहे. काम बाकी आहे, डबा चालू आहे, हे त्यांना रोज चार दाण्यांनी सांगायचं.

मी विचारलं, २८ तारखेला माझे पप्पा येऊन लांब शंख फुंकणार आहेत, मग? मका निवडणारे त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "तेव्हा वळणावर बसलेल्यांच्या अंगात उठायचं बळ नव्हतं, पोरी. आता इतकी वर्षं दाणे खाल्लेत त्यांनी."

२३ फेब्रुवारी

मोबाइल फक्त खिंडीत लागतो. दोन तासांची चढण, आज पाच लागले.

नीट सांगणार होते पप्पांना. मऊपणाने. पण ते पहिल्याच वाक्याला हसले, डोंगरातली भुतं पकडलीस का म्हणाले, आणि माझा तोल गेला. मी ओरडले की तुमचा बाप खुनी होता, कोठारात मका ठेवून त्याने माणसं मारली, ते पदक समुद्रात फेका. मग पप्पा म्हणाले की माझ्या बापाबद्दल असं बोलणारी मुलगी मी वाढवलेली नाही. "येतोय मी. आणि शंख असा फुंकेन की अख्ख्या खोऱ्याच्या कानाचे पडदे फाटतील." फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. अकरा वेळा लावला.

काय केलं मी हे. मऊ बोलले असते तर कदाचित राहिले असते घरी.

२४ फेब्रुवारी

अंगठी बोटातून गळून पडली. सकाळी पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं, दुपारी आणखी एक.

दगड काढायला गेले. पहार उचलत नाही. सहा घावांत बसवला होता मी तो.

ते बसलेत. आता धुकं नसलं तरी बसतात.

२५ फेब्रुवारी

न्यो बेल्मिरो आले, न बोलावता. मी म्हटलं, या, म्हणा आता, मी सांगत नव्हतो का. त्यांनी पहार घातली, अख्खं वजन टाकलं. पहार वाकली. दगड तसाच. त्यांनी माझे हात पाहिले आणि तोंड फिरवलं. त्यांना रडताना पाहून मला त्यांचाच राग आला. आधी का नाही सांगितलंत सगळं? ते म्हणाले, "आम्ही भोक दाखवलं होतं, मुकादमीणबाई. विचारायचं होतं तुम्ही."

खरं आहे. मी उंदीर विचारले होते.

२६ फेब्रुवारी

न्या क्रिसांता भरवून जातात. जात नाही पोटात काही. म्हणजे जातं, पण—

दाणे ठेवून पाहिले दगडावर. कुणी हात लावला नाही. त्यांना भीक नकोय. काम हवंय.

आजोबांचा आला तेवढा राग मला कशाचाच आला नव्हता. आणि मी अगदी तेच केलं. माझ्या हाताने. सहा घाव.

२७ फेब्रुवारी

खाली उतरता येत नाही. पाय—

बेल्मिरोंना निरोप दिलाय. पप्पांना गावातच अडवायचं. नाही अडले तर एवढंच सांगायचं: दोन आखूड, पप्पा. लांब नको. दोन आखूड फुंकले तर काम चालू. बस्स, एवढंच. आणि माझ्या वतीने माफी मागायची.

मी रात्रभर खणणार. नखांनी, चमच्याने. कशानेही.

२८ फेब्रुवारी, रविवार

उजाडलं. ऊन स्वच्छ. वही मांडीवर आहे, दगडाशेजारी बसून लिहितेय. लिहिणं सोपं जातंय, खणणं नाही. दोन नखं गेली. एका कडेची माती निघालीय. बोटभर. दगड हलतोय— हलतोय असं वाटतंय.

ते समोर आहेत. एकीने डबा माझ्या बाजूला सरकवला. रिकामा. न्या क्रिसांतांसारखे डोळे आहेत तिचे.

खालून ढोल. आले.

पप्पांची पांढरी टोपी दिसतेय, तिसऱ्या वळणावर. काठी टेकत. किती हळू चालतात आता ते. बेल्मिरो पुढे आडवे झालेत, हात हलवून सांगताहेत. पप्पांनी काठीने बाजूला सारलं त्यांना. मी ओरडले. आवाज निघाला नाही. खण, निल्दा, खण—

हलला. खरंच हलला दगड. अर्धा वर आलाय. आणखी थोडा वेळ. थोडाच—

पप्पा थांबले. वर बघताहेत. मला पाहिलं का त्यांनी? मी हात वर केला. या हाताला ते ओळखणार नाहीत.

शंख काढला पिशवीतून.

पहिला. आखूड! आखूड होता. ऐकलं त्यांनी, ऐकलं माझं. माझे पप्पा—

दुसरा. सुरू झाला. थांबवा आता. पुरे, पप्पा. थांबवा. लांबतोय. अजून—

ते उठले. सगळे. माझ्याकडे कुणी बघत नाही. खाली बघताहेत. डबे जागेवर ठेवले आणि एकेक जण वाटेने उत